ट्रंकेतले अकरा पंखे: भुसावळकडच्या एका संग्रहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

भुसावळ परिसरातल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याकडे हातपंख्यांचा नेटका संग्रह आहे. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. इथेही तेच नाव ठेवलं आहे. माणसं ओळखू येतील असे बाकीचे तपशील काढून टाकले आहेत. संग्रह मुख्यतः आपल्याकडच्या पंख्यांचा. शिंदीच्या पानांचे विणलेले, बांबूच्या पात्यांचे, वाळ्याचे, कापडावर मणी आणि लोकर भरलेले झालरीचे विंझणे. काही पंख्यांचा दांडा पोकळ नळीत बसवलेला असतो आणि मनगटाच्या हलक्या हिसक्याने पंखा गोल फिरतो, तेही त्यात आहेत. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे पंखा ही खान्देशात आधी गरजेची वस्तू आणि मग शोभेची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याच्या घागरीसोबत पंखा दान देण्याची रीत आहे. नानांकडचे कितीतरी पंखे अशा दानातूनच हातोहात फिरत आलेले.

हे सगळे ताठ पंखे. त्यांना घड्या नसतात, खीळ नसते, उघडायचा-मिटायचा प्रश्नच नसतो. धूळ झटकावी, वाळवी आणि कसर लागू देऊ नये, एवढ्यावर ते पन्नास वर्षं टिकतात. या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत इथूनच सुरू होते. ताठ पंखे हाताळण्यात तरबेज असलेल्या माणसासमोर अचानक घडीचे विलायती आणि चिनी पंखे आले.

ते आले एका जुन्या घरातून. १८६०च्या दशकात रेल्वे आली आणि भुसावळ मोठं जंक्शन झालं. त्यासोबत साहेबी बंगले, क्लब, नाच आणि त्यांचं सामानसुमानही आलं. शिवाय या घराचे एक पूर्वज मुंबईत चीनशी व्यापार करणाऱ्या पेढीवर कारकून होते, असं घरात सांगितलं जाई. कागद मात्र एकही नव्हता. घरातल्या आजी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वारल्या. नात जळगावला नोकरीला, काका पुण्यात, आत्या लंडनला. घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली गेली आणि नानांना निरोप गेला. एप्रिलअखेर, आखाजीच्या सुट्टीत, अकरा पंख्यांचा सरसकट ४०,००० रुपयांत सौदा ठरला. नानांनी ५,००० रुपये विसार दिला आणि ट्रंक पाहण्यासाठी घरी आणली.

ट्रंकेत काय होतं

घडीच्या पंख्याचे भाग थोडक्यात सांगितले की पुढचं समजायला सोपं जाईल. तळाशी सगळ्या काड्या एका खिळीत ओवलेल्या असतात. दोन्ही कडांच्या काड्या जाड आणि नक्षीदार असतात. मिटल्यावर त्या आतल्या भागाचं संरक्षण करतात. त्यांना इथे कडपट्ट्या म्हणू. काड्यांच्या वरच्या भागावर घड्या घातलेलं कागदाचं, रेशमाचं किंवा कातड्याचं पान चिकटवलेलं असतं. पान नसलेला, नुसत्या रुंद काड्या रिबिनीने एकमेकींना जोडलेला प्रकार म्हणजे ब्रिझे.

ट्रंकेत तीन ब्रिझे होते: एक पांढराशुभ्र, जाळीसारखा कोरलेला, काळ्या लाखेच्या पेटीत; एक पिवळसर आणि एक चंदनी. दोन पंखे चीनमधल्या कँटन बंदराचे, ज्यांना संग्राहक मँडरिन पंखे म्हणतात. १८४० ते १८६०च्या सुमारास हा प्रकार निर्यातीसाठी भरपूर बनत असे. काळ्या-सोनेरी लाखेच्या काड्या आणि पानावर दाटीवाटीने माणसं. प्रत्येक माणसाचा झगा रेशमाच्या तुकड्याचा आणि चेहरा चकतीवर रंगवून चिकटवलेला. चेहरा मसुराच्या डाळीएवढा, पण भिंगाखाली भुवया, मिशा आणि ओठांच्या कडा वेगवेगळ्या दिसतात. उरलेल्यांत एक छापील कागदाचा युरोपीय, एक काळ्या रेशमी जाळीवर टिकल्या लावलेला, एक शहामृगाच्या पिसांचा, एक जपानी कागदी, एक रंगवलेला स्पॅनिश आणि एक जाहिरातीचा स्वस्त कागदी पंखा.

अडचण

पहिल्या दोन दिवसांत तीन गोष्टी एकदम घडल्या. घरच्या एका तरुणाने पिवळसर ब्रिझे हस्तिदंती आहे का हे पाहायला कडपट्टीच्या टोकाला तापवलेली सुई लावली. कापराचा वास आला, चर्र झालं आणि तपकिरी डाग कायमचा उमटला. नानांनी काळा जाळीचा पंखा दुपारी तीन वाजता उघडायला घेतला आणि दुसऱ्याच घडीवर रेशीम उभं फाटलं. आणि आत्यांचा लंडनहून फोन आला, “नाना, आईचा तो पांढरा पंखा तेवढा बाजूला ठेवा बरं. मी दिवाळीत आले की घेऊन जाईन. नाहीतर इथेच लिलावात टाकू, चांगले पैसे येतील.”

त्यातच गावच्या महाविद्यालयाने पुढच्या ८ मार्चला ‘पंख्यांची गुप्त भाषा’ या विषयावर प्रदर्शन आणि प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. त्यासाठी हेच पंखे हवे होते, आणि विद्यार्थिनींनी ते हातात घेऊन खुणा करून दाखवायच्या होत्या.

चारही गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न होता: पंखा कशाचा बनलेला आहे? त्याचं उत्तर मिळेपर्यंत विकणं, उघडणं, दुरुस्त करणं, परदेशी नेणं, कुणाच्या हातात देणं, यातलं काहीच ठरवता येत नाही. नानांनी इथे घेतलेला निर्णय या प्रकरणातला सगळ्यात चांगला म्हणावा लागेल. त्यांनी ट्रंक बंद केली, उरलेले ३५,००० रुपये थांबवले आणि आधी ओळख पटवायची ठरवली.

साहित्याची ओळख

साधनं साधी होती: दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, एलईडी टॉर्च, नोटा तपासायचा अतिनील दिवा, मऊ रंगकामाचा ब्रश आणि सुती पंचा.

अंधारात अतिनील दिव्याखाली हस्तिदंत आणि हाड दोन्ही निळसर पांढरी चमकतात. सेल्युलॉइड, म्हणजे कापूर घालून बनवलेलं जुनं प्लॅस्टिक, तसं चमकत नाही. म्हणजे हा दिवा प्लॅस्टिक वेगळं काढतो, पण हाड आणि दंत यांतला फरक सांगत नाही. तो भिंगाने पाहावा लागतो. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या असतात. त्या काळपट ठिपक्यांसारख्या किंवा बारीक रेघोट्यांसारख्या दिसतात. छापील कागदाच्या पंख्याच्या काड्यांवर त्या स्वच्छ दिसल्या, म्हणजे ते हाड. हत्तीच्या दातात आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांचं जाळं असतं, आणि हत्तीच्या बाबतीत बाहेरच्या भागातल्या रेषांचा कोन मोठा, साधारण ११५ अंशांच्या वर भरतो. अडचण अशी की पंख्याची काडी जेमतेम मिलिमीटरभर जाड असते आणि ती लांबीत कापलेली असते, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर हे जाळं दिसत नाही. नवखा माणूस इथेच फसतो. तो काडी न्याहाळतो, जाळं दिसत नाही आणि ‘हाडच असेल’ म्हणून मोकळा होतो. पाहायचं ते कडपट्टीच्या तळाच्या टोकाकडे, जिथे आडवा छेद उघडा असतो. पांढऱ्या ब्रिझेच्या कडपट्टीच्या टोकाला ते जाळं मिळालं.

मग नातीने एक नेमका प्रश्न विचारला: “नाना, मग त्या माणसांचे चेहरे कशाचे आहेत?” मँडरिन पंख्यांवरचे चेहरे बहुधा हस्तिदंताच्या पातळ चकत्यांवरच रंगवलेले असतात. दिव्याखाली ते सगळे चेहरे एकदम उजळले आणि भोवतालचं रेशीम काळं राहिलं. इतक्या बारीक चकतीवर रेषा सापडणं अशक्य, तेव्हा उलटं सिद्ध होईपर्यंत ते हस्तिदंतच धरायचं ठरलं.

पिसांच्या पंख्याच्या काड्या कासवाच्या पाठीच्या वाटत होत्या. खऱ्या कासवपाठीतला तपकिरी रंग भिंगाखाली असंख्य बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो. नकलेत तो सलग, ओघळल्यासारखा असतो. इथे रंग ओघळलेला होता. म्हणजे काड्या सेल्युलॉइडच्या. पिवळसर ब्रिझेचं सेल्युलॉइड तर सुईनेच सांगितलं होतं, पण त्यासाठी अंगठ्याने जोरात चोळून वास घेतला असता तरी कापूर ओळखू आला असता. तापलेली सुई सेल्युलॉइडला कधीही लावू नये. तो पदार्थ भडकन पेट घेतो.

समोरचे पर्याय

अकरापैकी तीन पंखे आता वेगळ्या खात्यात गेले होते. त्यांच्याबाबत चार पर्याय पुढे आले.

पहिला, सौदा ठरल्याप्रमाणे पुरा करायचा आणि गप्प बसायचं. घरातल्या दोघांना हेच सोयीचं वाटत होतं, कारण ‘शंभर-दीडशे वर्षं जुनी वस्तू, तिला कोण विचारतो?’ हा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ हा हस्तिदंताचं वय पाहत नाही. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. कायद्यातल्या व्याख्येनुसार ज्या वस्तूत प्राण्याचा कोणताही भाग वापरला आहे तीही प्राणिजन्य वस्तूच, आणि आयात हस्तिदंतही त्यात येतं. म्हणजे मसुराएवढ्या चेहऱ्यांमुळे अख्खा मँडरिन पंखा कायद्याच्या कक्षेत येतो. घेणारा आणि देणारा दोघेही अडकतात.

दुसरा पर्याय लंडनचा. पुरावस्तू आणि कलाकोष कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंताचा प्रश्न त्यापलीकडचा. आणि ब्रिटनमध्येही आता तशी मोकळीक नाही. तिथला हस्तिदंतविषयक कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे आणि मोजके अपवाद सोडता विक्रीला बंदी आहे. आत्यांना हे नातीनेच समजावलं. त्या दोन दिवस नाराज होत्या, मग त्यांनी विषय सोडला.

तिसरा, संग्रहालयाला दान. कल्पना चांगली होती, पण मालकीच नोंदलेली नसताना दान कसं देणार?

चौथा पर्याय होता मुदतीत जाहीर करण्याचा. २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अशी वस्तू नव्याने जवळ बाळगण्याची वाट वारसाहक्काची आहे, आणि वारसाने ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करायचं असतं. आजी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेल्या होत्या. मुदत मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होती आणि हे कळलं तेव्हा दहा-बारा दिवस हातात होते. पंखे नानांनी विकत घेतले असते तर ही वाट दोघांनाही बंद झाली असती.

प्रत्यक्ष कृती

तीन पंखे त्याच आठवड्यात घरच्यांना परत गेले. सोबत साध्या कागदावर पोचपावती, पंख्यांच्या मापासह. जळगावच्या एका वकिलांनी नात आणि काकांच्या नावाने घोषणापत्र तयार केलं. त्यात प्रत्येक पंख्याची मिटलेली लांबी, काड्यांची संख्या, कोणता भाग कशाचा आणि उघड्या-मिटल्या अवस्थेतली छायाचित्रं होती. आजींकडे पूर्वीचं मालकीचं प्रमाणपत्र असल्याचा पुरावा सापडला नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. ते वाक्य गाळावं असा आग्रह घरातून झाला होता. वकील ठाम राहिले, आणि ते योग्यच झालं. चौकशीत पुढे निघालेली गोष्ट आधीच कागदावर असेल तर माणसाचा हेतू शंकास्पद ठरत नाही. अर्ज स्थानिक वन कार्यालयामार्फत मुदतीच्या चार दिवस आधी दाखल झाला आणि त्याची पोच घेतली.

उरलेल्या आठ पंख्यांचा भाव नव्याने १४,००० रुपये ठरला. आता काम होतं ते टिकवण्याचं, आणि ते समजून घ्यायला खान्देशची हवा आधी समजून घ्यावी लागते.

मे महिन्यात इथे दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर जाते. कागद, रेशीम, हाड, लाकूड या चारही गोष्टी हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात, पण प्रत्येकीचं आकसणं-फुगणं वेगळं. घडीच्या पंख्यात त्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. उन्हाळ्यात कागद आकसतो, हाडाची काडी तेवढी आकसत नाही, आणि ताण येतो तो नेमका घडीच्या रेषेवर, जिथे कागद आधीच शंभर वेळा दुमडून थकलेला असतो. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी घडीचा पंखा उघडू नये. काळी जाळी फाटली त्याला आणखी एक कारण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पुष्कळ रेशमाला वजन यावं म्हणून धातूंचे क्षार पाजलेले असत. असं रेशीम पुढे आपोआप ठिसूळ होऊन उभं तडकतं. त्यावर इलाज नाही. तो पंखा मिटलेलाच ठेवायचा निर्णय झाला.

कुणीतरी सुचवलं की कूलरसमोर धरून उघडा. कूलरचा ओला झोत एका बाजूने लागतो, पान त्या बाजूला फुगतं आणि मागची बाजू कोरडीच राहते. शिवाय थेंब उडाला तर जुन्या रंगावर डाग पडतो. मुंबईच्या एका संवर्धकाशी फोनवर बोलून ठरलं ते असं: ४०० रुपयांचा आर्द्रतामापक कपाटात ठेवायचा आणि काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान स्थिर होईल तेव्हाच पंखे उघडायचे. खान्देशात ही संधी बहुधा दोनदा मिळते: पहिले पाऊस झाल्यावर जूनअखेरीस थोडे दिवस आणि मग पावसानंतर ऑक्टोबरात.

सिलिका जेलच्या पुड्यांचं इथे सर्रास चुकतं. नानांनी पेटीत त्या भरभरून टाकल्या होत्या, कारण कॅमेऱ्याच्या पेटीत टाकतात. मे महिन्यात हवा आधीच कोरडी ठणठणीत असते. पुडी उरलासुरला ओलावाही शोषते. पुड्या काढल्या आणि फक्त जुलै ते सप्टेंबर ठेवायच्या, असं ठरलं. डांबराच्या गोळ्याही काढल्या; त्यांच्या वाफेने सेल्युलॉइडसारखी जुनी प्लॅस्टिकं मऊ पडू शकतात.

सेल्युलॉइडचे दोन्ही पंखे वेगळ्या खोलीत गेले. हा पदार्थ जुना झाला की आम्लधर्मी वाफ सोडतो, उष्णतेने ती क्रिया वाढते आणि शेजारचा कागद पिवळा पडतो, लोखंड गंजतं. ट्रंकेत पिवळसर ब्रिझेला चिकटून असलेल्या जाहिरातीच्या पंख्याची एक कड त्यामुळेच करपल्यासारखी झाली होती. सेल्युलॉइड हवाबंद डब्यात ठेवू नये. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पेटी, घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी, जमिनीपासून वर. पत्र्याच्या कपाटात तर नकोच, कारण पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं पत्र्याचं कपाट संध्याकाळी सातलाही हाताला चटका देतं.

ऑक्टोबरात उघडण्याची पद्धत ही होती. टेबलावर घडी केलेला पंचा अंथरायचा. पंखा त्यावर आडवा ठेवायचा, खालची कडपट्टी डाव्या तळहाताने हलकी दाबून धरायची आणि उजव्या अंगठ्याने एकेक घडी सरकवायची. हवेत झटकून उघडायचं नाही. अडकल्यासारखं वाटलं की थांबायचं आणि भिंगाने पाहायचं; बहुतेकदा दोन घड्या जुन्या डिंकाने चिकटलेल्या असतात. उघडलेला पंखा सपाट नसतो. काड्या एकावर एक चढत जातात, त्यामुळे एक बाजू दुसरीपेक्षा उंच राहते. म्हणून खाली उतरता आधार लागतो, नाहीतर सगळं वजन एका घडीवर येतं. नानांनी तो पुठ्ठ्याचे थर पायरीसारखे कापून बनवला आणि वर धुतलेलं मलमल चढवलं. मिटताना प्रत्येक घडी बोटांनी तिच्या मूळ रेषेवर बसवायची, दोन्ही कडपट्ट्या धरून दाबायच्या नाहीत. रबर बँड नको. तो वितळून चिकटतो. सुती नाडी सैल बांधायची.

चंदनी ब्रिझेची रिबीन पूर्वी कुणीतरी पांढऱ्या कृत्रिम डिंकाने चिकटवली होती आणि काड्या अर्ध्याच उघडत होत्या. तो डिंक कोरडाच, बांबूच्या पातळ चमच्याने खरवडून काढावा लागला. नवी ४ मिलिमीटरची रेशमी रिबीन ओवण्याआधी काड्या क्रमाने मांडून कागदावर आकडे घातले. ब्रिझेच्या काड्या दिसायला सारख्या असतात, पण कोरीवकाम एका काडीवरून दुसरीवर सरकत जातं. क्रम चुकला की चित्र तुटतं.

पंख्यांच्या भाषेचा प्रश्न

महाविद्यालयाने तयार केलेल्या फलकावर मजकूर होता: ‘अठराव्या शतकातील दरबारी स्त्रियांची गुप्त भाषा’. खाली यादी. पंखा उजव्या गालावर टेकवला तर हो, डाव्या गालावर तर नाही. गालावरून ओढला तर ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’, हातातून ओढला तर ‘मला तुझा तिटकारा आहे’. संथ वारा घेतला तर विवाहित, भराभर घेतला तर वाङ्निश्चय झालेला. उघडून मिटला तर ‘तू निष्ठुर आहेस’. खाली पडू दिला तर ‘आपण मित्र राहू’.

ही यादी दरबारातून आलेली नाही. ती पॅरिसमध्ये १८२७ साली सुरू झालेल्या दुवेलरॉय या पंख्यांच्या पेढीच्या लंडनमधल्या दुकानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापून वाटलेल्या पत्रकामुळे पसरली. म्हणजे ती विक्री वाढवण्याची जाहिरात होती, आणि अतिशय यशस्वी जाहिरात. थोडा विचार केला तरी यादीतली अडचण दिसते. सभागृहात उकडत असेल तर सगळ्याच बायका भराभर वारा घेणार. मग सगळ्यांचंच लग्न ठरलेलं का? आणि जे पत्रक दुकानात कुणालाही मिळतं त्यात गुप्त काय?

याचा अर्थ पंख्याने काहीच बोललं जात नव्हतं असा नाही. पंखा कसा धरला, कुणाकडे पाहून मिटला, यातून भाव कळतातच. जोसेफ ॲडिसनने १७११ सालीच लंडनच्या एका नियतकालिकात बायकांना पंख्याची कवायत शिकवणाऱ्या शाळेचं मिस्कील वर्णन लिहिलं होतं. पण तो विनोद होता, आणि त्यात शब्दकोश नाही. ठरलेल्या खुणांची खरोखर योजलेली पद्धत सापडते ती १७९७ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘फॅनॉलॉजी’ नावाच्या पंख्यावर. चार्ल्स फ्रान्सिस बादिनी याची ती कल्पना. ‘J’ हे अक्षर वगळून इंग्रजी वर्णमालेचे पाच-पाच अक्षरांचे पाच गट, आणि पाच हालचाली: डाव्या हाताने पंखा उजव्या दंडाकडे नेला की एक, उजव्या हाताने डाव्या दंडाकडे नेला की दोन, छातीशी तीन, तोंडाशी चार, कपाळाशी पाच. पहिली हालचाल गट सांगते, दुसरी गटातला क्रम. पाच अक्षरी शब्दाला दहा हालचाली.

महाविद्यालयापुढे तीन पर्याय होते: फलक तसाच ठेवणं, भाषेचा भाग पूर्ण काढून टाकणं, किंवा यादीला तिचं खरं नाव देणं. आयोजक दुसऱ्याकडे झुकले होते, कारण ‘खोटं आहे तर दाखवायचं कशाला?’ नानांचं मत पडलं की जाहिरातही इतिहासच आहे, फक्त तिला जाहिरात म्हणा. फलकाचं शीर्षक बदलून ‘एका दुकानाचं पत्रक’ असं झालं आणि शेजारी १७९७ ची पद्धत मांडली.

तिथे एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं की आपली वर्गीय व्यंजनं बरोबर अशीच आहेत. क, च, ट, त, प हे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं, क पासून म पर्यंत पंचवीस. बादिनीला ‘J’ वगळावं लागलं. मराठीत काहीही वगळावं लागत नाही, चौकट आयती. ‘पान’ दाखवायचं तर प म्हणजे कपाळ, मग उजवा दंड; न म्हणजे तोंड, मग कपाळ. मर्यादाही लगेच दिसल्या. काना-मात्रा बसत नाहीत, आणि य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ बाहेर राहतात. त्यामुळे चटणी कशीबशी होते, केळी नाही आणि कापूसही नाही. खान्देशात हे दोन शब्द न बोलता येणारी भाषा चालायची कशी, यावर मुलींनी तासभर वाद घालून उरलेल्या अक्षरांसाठी पंखा उलटा धरून सहावा आणि सातवा गट तयार केला.

निष्पत्ती

प्रदर्शन ८ मार्चला झालं. प्रात्यक्षिकासाठी बाजारातले नवे बांबू-कापडाचे घडीचे पंखे वापरले. जुना पंखा एकही प्रेक्षकाच्या हाती दिला नाही. चार जुने पंखे उघडून, उतरत्या आधारावर, ५० लक्सच्या मंद प्रकाशात ठेवले. काळी जाळी मिटलेली ठेवली आणि का मिटलेली आहे हे चिठ्ठीत लिहिलं. मँडरिन पंख्यांची फक्त छायाचित्रं होती, चेहऱ्यांच्या मोठ्या प्रतींसह. लोक सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबले.

घोषणापत्रानंतर वन खात्याचे कर्मचारी येऊन तिन्ही पंखे पाहून, मोजून, पंचनामा करून गेले. प्रमाणपत्राचा निर्णय हे लिहीपर्यंत आलेला नाही. पंखे घरच्यांच्या ताब्यात आहेत. प्रमाणपत्र मिळालं तरी विकता येणार नाहीत, हे त्यांना आता नीट माहीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

विसार देण्याआधी भिंग लावायला हवं होतं. पंधरा मिनिटांत पांढरा ब्रिझे ओळखता आला असता आणि तीन पंखे सौद्यात आलेच नसते. जुन्या घरातून सरसकट माल घेताना ‘ओळख पटल्यानंतर नग वगळण्याचा हक्क’ पावतीवर लिहून घ्यावा.

ट्रंक जशी उघडली तशीच तिची छायाचित्रं काढायला हवी होती. कोणता पंखा कुणाला चिकटून होता हे आता फक्त करपलेल्या कडेवरून कळतं. काळ्या लाखेच्या पेटीत तळाशी अस्तराचा जुना कागद होता, तो पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेला. त्यावर दुकानाचा ठसा असण्याची शक्यता होती. असे ठसे पंख्याचा काळ आणि ठिकाण ठरवायला काड्यांपेक्षाही उपयोगी पडतात.

घराची तोंडी माहिती, म्हणजे पेढीवरच्या कारकुनाची गोष्ट, काकांकडून आणि आत्यांकडून वेगवेगळी लिहून घ्यायला हवी होती. दोघांनी एकत्र बसून सांगितल्यावर ती एकच झाली, आणि कोणता तपशील कुणाचा हे आता वेगळं करता येत नाही. नोंदवहीत म्हणून एवढंच लिहिलं आहे: ‘घरात सांगितलं जातं, कागद नाही.’